छातीभर पाण्यातला गुडघा : एका जलव्यायाम केंद्रातील दहा आठवडे

गेल्या वर्षी ऑगस्टच्या अखेरीस, पाऊस नुकताच थांबलेला असताना, कोथरूडमधील आमच्या गल्लीच्या वळणावर माझी स्कूटर घसरली आणि उजव्या नडगीच्या हाडाचा वरचा, गुडघ्याच्या सांध्यात येणारा भाग मोडला. शस्त्रक्रिया करून प्लेट आणि सात स्क्रू बसवण्यात आले, आणि त्यानंतर दहा आठवडे त्या पायावर अजिबात भार द्यायचा नाही, असे सर्जननी बजावले. ही मुदत संपली तेव्हा उजवी मांडी टेपने मोजली असता डाव्या मांडीपेक्षा साडेतीन सेंटिमीटरने कमी भरली, गुडघा ७० अंशांच्या पुढे वाकत नव्हता, आणि संध्याकाळ झाली की घोटा इतका सुजत असे की घोट्याचे हाड शोधावे लागे. त्यानंतर नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या अखेरीपर्यंत मी पुण्यातील एका खासगी केंद्रात पाण्यातील व्यायामासाठी जात होते, आणि हे परीक्षण त्या केंद्राचे आहे. केंद्राचे नाव मी देत नाही. माझ्या काही तक्रारी आहेत, त्या व्यवस्थापनाला लेखी दिल्या आहेत आणि त्यांचे उत्तर अजून यायचे आहे.

सर्जननी सांगितलेला पुढचा टप्पा ऐकायला सोपा होता. पहिले दोन आठवडे उजव्या पायावर दहा ते वीस किलोंपर्यंतच भार द्यायचा आणि नंतर एक्स-रे पाहून तो वाढवत न्यायचा. हा भार ओळखायचा कसा, तर वॉकर धरून उजवा पाय घरातल्या वजनकाट्यावर टेकवायचा आणि काटा पंधरावर स्थिर ठेवण्याचा सराव करायचा. मी तो सराव आठवडाभर इमानेइतबारे केला. काटा आठवर अडून बसे, जरा धीर करावा तर एकदम तीसवर उडी घेई, आणि मग घाबरून मी पाय उचलूनच घेई. काट्यावरून उतरून स्वयंपाकघरापर्यंत जाताना तर पंधरा किलो म्हणजे किती, हे पायाच्या लक्षातच राहत नसे. शेवटी घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्टनेच, हे मोजण्याचे काम पाण्यावर सोपवा, असे सांगून या केंद्राचा पत्ता दिला.

मराठीत पाण्याची खोली आपण पूर्वापार शरीरावरच मोजत आलो आहोत: घोटाभर, गुडघाभर, कमरेभर, छातीभर, गळाभर. ओढा ओलांडताना कामी येणारी ही मोजणी या उपचारात जशीच्या तशी उपयोगी पडते, कारण शरीर जितके पाणी बाजूला सारते तितका आधार त्याला पाण्याकडून मिळतो, आणि म्हणून पाणी अंगावर कुठपर्यंत चढले आहे यावरच पायांवर किती भार उरतो हे ठरते. गळाभर पाण्यात स्थिर उभे राहिले तर पायांवर शरीराच्या वजनाचा जेमतेम दहावा हिस्सा येतो. छातीभर पाण्यात, म्हणजे छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत पाणी असेल तर, सुमारे तिसरा हिस्सा. आणि कमरेभर पाण्यात साधारण निम्मा. माझे वजन ६८ किलो आहे. म्हणजे गळाभर पाण्यात मी दोन्ही पायांवर ताठ उभी राहिले तरी दोन्ही पायांवर मिळून सहा-सात किलोच येतात. चालताना हे आकडे वाढतात आणि भरभर चालल्यास आणखी वाढतात, त्यामुळे हिशेब औषधाच्या मापासारखा काटेकोर नसतो. तरीही वजनकाट्यावरील माझ्या आठ-तीसच्या झोक्यांपेक्षा तो पुष्कळच भरवशाचा ठरला.

केंद्र एका इमारतीच्या तळघरात आहे. पोहण्याच्या तलावाची कल्पना मनात घेऊन गेल्यास निराशा होईल, कारण हा सुमारे तीस फूट लांब आणि पंधरा फूट रुंद असा हौद आहे आणि त्यात कोणी पोहत नाही. तळ उतरता नसून त्याच्या तीन सपाट पायऱ्या केलेल्या आहेत, तीन फूट, साडेतीन फूट आणि सव्वाचार फूट पाण्याच्या, आणि प्रत्येक पायरीच्या कडेला गडद निळ्या फरश्यांचा पट्टा आहे. ही रचना केंद्राची सर्वांत जमेची बाजू आहे असे मी म्हणेन, कारण उतरत्या तळावर उभे राहिले की एक पाय उंच आणि एक खाली राहतो, कंबर तिरकी होते, आणि मोडलेल्या पायावर नेमका किती भार आला हे सांगणे अवघड होऊन बसते. हौदाच्या लांब बाजूंना पाण्याच्या पातळीवर स्टीलचे कठडे आहेत, मधल्या पायरीवर धरून चालण्यासाठी दोन समांतर दांड्या आहेत, आणि चालता न येणाऱ्या रुग्णाला खुर्चीसकट पाण्यात सोडणारी लिफ्टही आहे. ती लिफ्ट दहा आठवड्यांत मी एकदाही चालू पाहिली नाही.

मला पोहता येत नाही. पहिल्या दिवशी हे सांगताना मला जरा ओशाळल्यासारखे झाले होते, पण तिथे आलेल्या निम्म्या लोकांना पोहता येत नव्हते आणि त्याची गरजही नव्हती. माझ्यावर नेमलेल्या तरुण फिजिओथेरपिस्टने पहिल्या सत्रात गुडघ्याला हातही लावला नाही. तिने मला कठडा धरून छातीभर पाण्यात उभे केले, तोंड पाण्याजवळ नेऊन फुंकर घालायला लावली, मग ओठ पाण्यात बुडवून श्वास सोडायला लावला, आणि बुडबुडे किती वेळ टिकतात हे मोजले. साठी ओलांडलेल्या निवृत्त शिक्षिकेला हा प्रकार बालवाडीचा वाटला. नंतर कळले की ही हॅलिविक पद्धत आहे. जेम्स मॅकमिलन यांनी १९४९ साली लंडनमधील हॅलिविक या अपंग मुलींच्या शाळेत ती सुरू केली, आणि आधी पाण्याशी मनाची जुळवणी, मग श्वासावर ताबा, मग तोल, असा तिचा क्रम आहे. हा क्रम बरोबर आहे हे मला शरीरानेच पटवले. घाबरलेला माणूस पाण्यात खांदे कानांपर्यंत ओढून घेतो, पायाची बोटे तळाला रोवतो आणि मांडी आवळून धरतो. तशा मांडीखालचा गुडघा कोणी वाकवू शकत नाही.

दुसऱ्या आठवड्यापासून खरे काम सुरू झाले. मान, कंबर आणि घोटे यांच्याभोवती फुगवलेल्या कड्या अडकवून मला पाठीवर तरंगत ठेवले जाई आणि फिजिओथेरपिस्ट माझा पाय घोट्यापाशी धरून मला तो आपल्याकडे ओढायला सांगे. तरंगणाऱ्या शरीराला टेकू नसतो, त्यामुळे पाय ओढला की पाय तिथेच राहतो आणि धडच त्याच्याकडे सरकते. मांडी आणि कंबर यांचे स्नायू न कळत कामाला लागतात आणि सांध्यावर मात्र भार येत नाही. या पद्धतीला स्वित्झर्लंडमधील बाड रागात्स या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावाचे नाव आहे. गुडघा वाकवण्याच्या बाबतीत फिजिओथेरपिस्टचे एक वाक्य मी दहा आठवडे ऐकले: “काकू, तुम्ही वाकवू नका, पाण्याला वाकवू द्या.” घोट्याला फोमचा तुकडा बांधून मी कठड्याला धरून उभी राहत असे, तो तुकडा वर येण्यासाठी धडपडे, आणि पोटरी हळूहळू मांडीकडे उचलली जाई. जमिनीवर हाच गुडघा टॉवेलने ओढून वाकवताना डोळ्यांत पाणी येत असे. चौथ्या आठवड्याच्या शेवटी तो ९५ अंशांपर्यंत गेला आणि दहाव्या आठवड्यात ११८ अंशांपर्यंत.

पाण्याचा आणखी एक गुण मला या काळात फार जवळून कळला. हातपाय जितक्या वेगाने हलवावेत तितके पाणी अडवते, आणि वेग दुप्पट केला तर अडथळा दुप्पट न होता चौपटीच्या आसपास जातो. हालचाल थांबवली की अडथळाही त्याच क्षणी संपतो. जिममधील वजन दुखले म्हणून मध्येच हवेत सोडून देता येत नाही. इथे मात्र कळ आली की पाय आहे तिथे थांबवायचा, आणि तो आपोआप तरंगत राहतो. दुखण्याच्या भीतीने जे रुग्ण व्यायाम अर्धवट टाकतात, आणि मी त्यांतलीच एक होते, त्यांच्यासाठी ही सोय औषधाइतकी महत्त्वाची आहे.

घोट्याच्या सुजेबद्दल मला फारशी आशा नव्हती, पण सर्वांत लवकर फरक तिथेच पडला. पाणी चहूबाजूंनी दाबते आणि दर फूट खोलीला तो दाब सुमारे २२ मिलिमीटर पाऱ्याने वाढतो. म्हणजे सव्वाचार फूट पाण्यात तळपायापाशी तो ९० च्या वर जातो, आणि निरोगी माणसाच्या रक्तदाबाचा खालचा आकडा साधारण ८० धरला जातो हे लक्षात घेतले तर तो किती आहे याची कल्पना येते. दाब खाली जास्त आणि वर कमी असल्यामुळे पायात साठलेले पाणी वर सरकते. पाऊण तासाचे सत्र संपवून बाकावर बसले की घोट्याचे हाड दिसू लागे, आणि सकाळच्या मोज्याच्या इलॅस्टिकचा पोटरीवरचा वळ पुसट झालेला असे. याच कारणाने पाण्यात उतरल्यावर वीस मिनिटांत लघवीची भावना होते, कारण पायांतले रक्त छातीकडे येते आणि शरीर ते जास्तीचे पाणी समजून मूत्रपिंडांना कामाला लावते. उतरण्यापूर्वी स्वच्छतागृहात जाऊन यावे आणि बाहेर आल्यावर ग्लासभर पाणी प्यावे, ही सूचना केंद्राने भिंतीवर लावायला हवी. ती मला तिसऱ्या दिवशी एका सहरुग्ण बाईंनी कानात सांगितली. रक्त छातीकडे वळण्याचा हा परिणाम हृदयाचे काम वाढवतो, म्हणून हृदय कमकुवत असलेल्यांनी आणि रक्तदाब ताब्यात नसलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय गळाभर पाण्यात उतरू नये, हेही त्याच भिंतीवर शोभले असते.

आता तक्रारींकडे वळते. पहिली तक्रार खोली लिहिण्याच्या पद्धतीची आहे. प्रत्येक रुग्णाच्या तक्त्यात व्यायामासमोर खोली फुटांत लिहिलेली असते, आणि एकदा छापलेला तक्ता सर्वांना तोच दिला जातो. माझी उंची पाच फूट एक इंच आहे, त्यामुळे सव्वाचार फूट पाणी माझ्या गळ्याशी येते. केंद्रात कबड्डी खेळणारा एक तरुण येत असे, गुडघ्याच्या लिगामेंटची शस्त्रक्रिया झालेला, उंची सहा फुटांच्या वर. त्याच्या तक्त्यातही “सव्वाचार फूट, भार अत्यल्प” असेच लिहिले होते, आणि ते पाणी त्याच्या जेमतेम छातीला लागत होते. म्हणजे जिथे मी दहाव्या हिश्श्यावर उभी होते तिथे तो तिसऱ्या हिश्श्यावर उभा होता. फिजिओथेरपिस्टच्या हे लक्षात आले आणि तिने त्याला गुडघे किंचित वाकवून, पाठ भिंतीला टेकवून काम करायला लावले, परंतु तक्ता शेवटपर्यंत बदलला नाही. ज्या उपचाराचा सगळा हिशेबच खोलीवर आहे तिथे खोली फुटांत न लिहिता गळा, छाती, कंबर अशी लिहावी एवढीच माझी मागणी आहे, आणि त्यासाठी नवा खर्च करावा लागत नाही.

दुसरी तक्रार तापमानाची. अशा हौदाचे पाणी ३३ ते ३५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असावे लागते, कारण त्या तापमानाला शरीर ना उष्णता गमावते ना साठवते आणि स्नायू सैल पडतात. पोहण्याच्या स्पर्धांच्या तलावात ते २५ ते २८ असते, आणि तिथे पोहणारा स्वतःच्या हालचालीने गरम राहतो. मला पहिले चार आठवडे फलकावर ३३.५ दिसत होते आणि अंगालाही ते पटत होते. डिसेंबरच्या मध्यात, पुण्यात कडाक्याची थंडी पडली त्याच सुमारास, पाणी तापवणारे यंत्र बिघडले आणि पुढचे नऊ दिवस पाणी २९ अंशांच्या आसपास राहिले. चार-साडेचार अंशांचा फरक कागदावर किरकोळ दिसतो. पाणी हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता ओढून घेते, त्यामुळे अर्धे सत्र होण्याआधीच ओठ थरथरू लागले आणि इतक्या आठवड्यांत सैल पडलेली मांडी पुन्हा आवळली गेली. यंत्र बिघडू शकते, त्याबद्दल माझे म्हणणे नाही. पण त्या नऊ दिवसांत आलेल्या रुग्णांना फोन करून कळवले गेले नाही, सत्रे पॅकेजमधून नेहमीप्रमाणे कापली गेली, आणि विचारल्यावर “पाण्यात हालचाल करा, ऊब येईल” असे उत्तर स्वागतकक्षातून मिळाले. मी लेखी अर्ज दिल्यावर चारपैकी दोन सत्रे परत मिळाली. ज्यांनी अर्ज दिला नाही त्यांना काहीच मिळाले नाही.

पाण्याच्या स्वच्छतेबद्दल मिश्र मत आहे. पाणी नितळ असते, तळाच्या निळ्या पट्ट्या वरून स्पष्ट दिसतात आणि क्लोरीनचा भपकाही येत नाही. अनेकांना तो भपका स्वच्छतेची खूण वाटतो, पण ते उलट आहे; घाम, तेल आणि लघवी यांच्याशी क्लोरीनचा संयोग झाला की तो वास येतो. कोमट पाण्यात जंतू झपाट्याने वाढतात आणि क्लोरीनही लवकर संपते, त्यामुळे अशा हौदाची तपासणी दिवसातून अनेकदा करावी लागते. केंद्राच्या फलकावर तापमान, पीएच (पाण्याची आम्लता दाखवणारा आकडा) आणि क्लोरीन यांच्या नोंदी दिवसातून चार वेळा भरलेल्या असतात. एका मंगळवारी दुपारी साडेतीन वाजता मी पाहिले तेव्हा त्या फलकावर संध्याकाळी सातची नोंदही भरलेली होती, पीएच ७.४, सहीसकट. त्या दिवसापासून मी फलक वाचणे सोडले आणि पाण्याकडे पाहू लागले. अंघोळ करूनच उतरावे असा नियम लिहिलेला आहे, पण तो पाळला जातो की नाही हे कोणी पाहत नाही, आणि सकाळच्या पहिल्या वेळेनंतर पाण्यावर केसांच्या तेलाचा बारीक तवंग इंद्रधनुष्यासारखा चमकताना मी दोनदा पाहिला आहे.

महिलांसाठी अकरा ते बाराची वेळ राखून ठेवली आहे आणि ती कटाक्षाने पाळली जाते, हे आवर्जून सांगायला हवे. माझ्या वयाच्या अनेक जणींची खरी अडचण गुडघ्याआधी पोशाखाची असते. सुती कपडे चालत नाहीत, कारण त्यांचे धागे सुटून फिल्टरमध्ये अडकतात आणि भिजलेला सुती सलवार पायाला लोढण्यासारखा ओढतो. पण मनगटापासून घोट्यापर्यंतचा नायलॉनचा पोशाख चालतो आणि तो बाजारात सहज मिळतो. माझ्या वेळेला येणाऱ्या एक आजी पहिले दोन दिवस केवळ या एका कारणासाठी काठावर बसून परत गेल्या होत्या. कपडे बदलण्याच्या खोलीबद्दल मात्र बरे लिहिण्यासारखे काही नाही. जमीन गुळगुळीत आणि कायम ओली, बसायला एकच प्लॅस्टिकची खुर्ची, धरायला एकही दांडा नाही. ज्या इमारतीत येणारा प्रत्येक माणूस पायाने, कमरेने किंवा तोलाने अधू आहे तिथे सर्वांत धोक्याची जागा हौदाऐवजी ही खोली असावी, याचे आश्चर्य वाटते. मी माझ्या कुबडीच्या खालचे रबर एका महिन्यात दोनदा बदलले.

हौदात उतरण्याच्या जिन्याचाही उल्लेख करायला हवा, कारण बाहेर येतानाच्या त्या सहा पायऱ्या हा या उपचाराचा सर्वांत कठीण भाग आहे आणि त्याबद्दल आधी कोणी सांगत नाही. पाऊण तास हलके झालेले शरीर एकेका पायरीला आपले वजन परत मागू लागते, आणि शेवटच्या पायरीवर ६८ किलो पूर्ण अंगावर येतात, तेही थकलेल्या मांडीवर. चढताना चांगला पाय आधी आणि उतरताना दुखरा पाय आधी, हे जिन्याचे सूत्र मला तिथेच पक्के झाले. परंतु या जिन्याला कठडा एकाच बाजूला आहे, बाहेर येताना तो उजव्या हाताला लागतो, आणि माझा दुखरा पाय उजवा असल्यामुळे आधार मला डाव्या हाताला हवा होता. तिसऱ्या दिवशी हे सांगितल्यावर फिजिओथेरपिस्ट दर वेळी स्वतः माझ्या डाव्या बाजूला उभी राहू लागली. सोयीची उणीव माणसाने भरून काढली, हे खरे, पण ती सुट्टीवर असताना मला उलटे, पाठमोरे चढून यावे लागले.

एकट्यासाठीचे सत्र आणि गटातील सत्र यांत फार अंतर आहे. एकट्याच्या सत्रात फिजिओथेरपिस्ट पाण्यात असते. गटात आठ ते दहा जण पाण्यात आणि ती काठावर उभी राहून सूचना देते. संधिवाताच्या, गुडघेदुखीच्या रुग्णांना गट पुरतो आणि तिथल्या गप्पांचा उपयोगही असतो. माझ्यासारख्या, भार मोजून द्यायच्या रुग्णाला तो पुरत नाही. काठावरून पाहणाऱ्याला पाण्यातला पाय वाकडा आणि तुटक दिसतो, गुडघा आत वळला आहे की नाही हे कळत नाही. मला सातव्या आठवड्यात गटात जाण्याचा आग्रह झाला तो मी नाकारला.

या उपचाराकडून किती अपेक्षा ठेवावी हा प्रश्न मला शेजारीपाजारी सारखा विचारतात. वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या किंवा कोकणातील उन्हवऱ्याच्या कुंडांत बसून सांधे मोकळे झाल्याचे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो आहोत, आणि पुण्याजवळ उरुळी कांचनला १९४६ साली गांधीजींनी सुरू केलेल्या निसर्गोपचार आश्रमामुळे पाण्याच्या उपचारांवर इथल्या लोकांचा विश्वासही जुना आहे. पण कुंडात किंवा टबात स्वस्थ बसणे वेगळे आणि खोली ठरवून, मोजून व्यायाम करणे वेगळे. पोलिओने पाय गेलेले, पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले फ्रँकलिन रूझवेल्ट १९२४ साली तिथल्या जॉर्जिया राज्यातील वॉर्म स्प्रिंग्ज या गरम झऱ्यांच्या गावी प्रथम गेले, पाण्यात आपले पाय हलतात हे पाहून इतके हरखले की १९२६ मध्ये ती जागाच त्यांनी विकत घेतली आणि पुढच्या वर्षी तिथे रुग्णांसाठी प्रतिष्ठान उभे केले. आधाराशिवाय चालणे मात्र त्यांना पुन्हा कधी जमले नाही. अलीकडच्या अभ्यासांचा सूरही असाच संयत आहे. गुडघ्याच्या आणि खुब्याच्या झिजेवर पाण्यातील व्यायामाचा काय परिणाम होतो याचा कोक्रेन या, वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या संस्थेने २०१६ साली आढावा घेतला, त्यात १३ चाचण्या आणि १,१९० रुग्ण होते, आणि वेदना व हालचाल यांत थोडा, अल्पकाळ टिकणारा फायदा दिसला. माझे दुखणे झिजेचे नसून मोडलेल्या हाडाचे आहे, त्यामुळे तो निष्कर्ष मला सरळ लागू होत नाही, पण थोडा आणि अल्पकाळ हे दोन शब्द पॅकेजचे पैसे भरताना प्रत्येकाने आठवावेत.

माझा शेवटचा आणि सर्वांत मोठा आक्षेप इथूनच निघतो. सहाव्या आठवड्यात एक्स-रे पाहून सर्जननी पूर्ण भार द्यायला परवानगी दिली. पाण्याने हलका केलेला पाय हाडाला आणि मांडीच्या स्नायूला पुरेसे काम देत नाही, म्हणून त्या दिवसापासून पाणी हळूहळू उथळ करत नेऊन व्यायाम जमिनीवर आणायला हवा होता. फिजिओथेरपिस्टचा विचार तसाच होता. तिने मला सव्वाचारवरून साडेतीन फुटांवर आणि मग तीन फुटांवर आणले, आणि काठावर खुर्चीवरून उठबस सुरू केली. स्वागतकक्षाने मात्र त्याच आठवड्यात आणखी चोवीस सत्रांचे पॅकेज पुढे केले, “पाण्यात तुम्हाला किती बरे वाटते पाहा,” असे म्हणत. बरे वाटत होते, यात शंका नाही. पण मला आमच्या घराचे दोन मजले चढायचे होते, आणि त्या जिन्यात पाणी नाही. मी बारा सत्रांवर थांबले, आठवड्यातून एकदा पाणी आणि तीनदा जमिनीवरील व्यायाम असा क्रम ठेवला, आणि जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात कुबडीशिवाय दुसऱ्या मजल्यावर पोहोचले, मध्ये एकदा खिडकीपाशी थांबून.

खर्चाचे थोडक्यात सांगते. पहिल्या तपासणीचे ८०० रुपये, एकट्याच्या सत्राचे १,००० आणि गटाच्या सत्राचे ४५० रुपये पडतात. पॅकेज घेतल्यास दहा टक्के सूट मिळते पण तीन महिन्यांत ते संपवावे लागते. माझ्या आरोग्य विम्यात रुग्णालयातून घरी आल्यानंतरच्या ६० दिवसांपर्यंतचा खर्च मिळतो, आणि भार द्यायची परवानगीच मुळी ७० दिवसांनी मिळाल्यामुळे पाण्यातील एकाही सत्राचा रुपया परत आला नाही. अशी शस्त्रक्रिया झालेल्यांनी पॉलिसीतील हा दिवसांचा आकडा आधी वाचून ठेवावा. टाके पूर्ण भरल्याशिवाय, त्यावरची खपली पडल्याशिवाय केंद्र पाण्यात उतरवत नाही, आणि ताप, त्वचेचा संसर्ग किंवा उघडी जखम असेल तर परत पाठवते. या एका बाबतीत त्यांची शिस्त कडक आहे.

ज्यांना मोजून भार द्यायचा आहे, दुखण्याच्या धाकाने जमिनीवर व्यायाम जमत नाही आणि ज्यांना एकट्याच्या सत्राचा खर्च झेपतो, त्यांना मी हे केंद्र सुचवेन, पण कपडे बदलताना सोबतीला कोणीतरी न्यावे आणि पॅकेज सहा सत्रांचेच घ्यावे. माझी तीन सत्रे अजून शिल्लक आहेत. ती संधिवात असलेल्या माझ्या नणंदेच्या नावावर करून द्यावीत, असा अर्ज मी दिला आहे. नियमात बसत नाही, असे तोंडी सांगण्यात आले, लेखी उत्तर यायचे आहे. तोवर मंगळवारी अकराच्या वेळेला मीच जाणार आहे, कमरेभर पाण्यात.